फ्रेंच ओपनच्या पहिल्या दोन फेऱ्यांचे अंदाज: पैसे न लावता, टक्क्यांच्या हिशोबाने

नागपुरात नवतपा लागतो आणि तिकडे पॅरिसमध्ये रोलाँ गॅरोसचा, म्हणजे फ्रेंच ओपनचा, मुख्य ड्रॉ (मुख्य फेऱ्यांच्या जोड्या) सुरू होतो. दुपारी बाहेर पडायची सोय नसते, पहिले सामने आपल्याकडच्या अडीच वाजता लागतात, त्यामुळे ऑफिसच्या, क्लबच्या, कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आज कोण जिंकते?’ हा खेळ रंगतो. तो नीट कसा खेळायचा, त्याची ही कृती. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीपुरतीच. उपांत्य फेरीचा अंदाज कोणीही सांगेल; कस लागतो तो पहिल्या तीन दिवसांतल्या, निम्मी नावे अनोळखी असलेल्या १२८ सामन्यांत.

अट एकच: पैसे नाहीत. ‘ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन कायदा, २०२५’ नंतर पैशाच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आहे, आणि महाराष्ट्रात जुगार प्रतिबंधाचा १८८७ चा कायदा मुळातच लागू आहे. ‘परदेशी अ‍ॅप आहे, काही होत नाही’ असे सांगणाऱ्याच्या नादी लागू नका. गुणांवर खेळा. ज्याचा पहिला नंबर येईल त्यानेच सगळ्यांना तर्री-पोहे खिलवायचे असा नियम ठेवला, तर कोणी जीव जाळून खेळतही नाही.

आधी माती समजून घ्या

विदर्भाची काळी माती डोळ्यांसमोर आणू नका. पॅरिसच्या कोर्टावर जे लाल दिसते ती माती नव्हेच. वीटभट्टीच्या आसपास पायाला लागते तशी विटांची बारीक भुकटी आहे, आणि तीही जेमतेम १ ते २ मिलिमीटर जाडीची. तिच्याखाली पांढऱ्या चुनखडीचा ६-७ सेंटिमीटरचा दाबलेला थर, त्याखाली ७-८ सेंटिमीटर क्लिंकर, म्हणजे जळक्या कोळशाची खडी, आणि तळाशी साधारण ३० सेंटिमीटर गिट्टी. चेंडू आपटतो तो खरे तर चुनखडीवर. वरची भुकटी घर्षण वाढवते आणि पायाला घसरू देते.

यातून तीन गोष्टी निघतात आणि पुढचा सगळा हिशोब त्यांच्यावरच उभा आहे. चेंडू जमिनीला घासून वेग गमावतो आणि वर उसळतो, म्हणून सपाट, जोरकस फटक्याची धार कमी होते आणि टॉपस्पिनची (चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणाऱ्या फटक्याची) वाढते. सर्व्हिसवर फुकटात मिळणारे गुण कमी होतात, म्हणून ब्रेक (समोरच्याच्या सर्व्हिसचा गेम जिंकणे) जास्त होतात आणि रॅली लांबतात. तिसरी गोष्ट आपल्याकडचे प्रेक्षक हमखास विसरतात: हवामान बदलले की तेच कोर्ट वेगळे होते. ऊन पडले, पारा २५ च्या वर गेला की चुनखडी सुकते, चेंडू उडतो, सर्व्हिस करणाऱ्याला जोर येतो. पारा १५-१६ वर, ढगाळ हवा, मधूनच भुरभुर पाऊस असेल तर चेंडू फुगतो, त्याला भुकटी चिकटते, तो जड होतो आणि एकेक गुण काढायला घाम गाळावा लागतो. हे दोन्ही प्रकार एकाच आठवड्यात बघायला मिळतात. इथे ४५ अंशांत बसून तिथेही तापतच असेल असे गृहीत धरले की पहिला अंदाज तिथेच फसतो.

गुरुवारी रात्री: ड्रॉ आला की कागद तयार करा

मुख्य ड्रॉ साधारणपणे स्पर्धेच्या आधीच्या गुरुवारी निघतो आणि पहिली फेरी रविवार ते मंगळवार चालते. एकेरीत पुरुष १२८, महिला १२८. प्रत्येकी ३२ मानांकित (क्रमवारीत वरचे), १६ क्वालिफायर (पात्रता फेरीतून आलेले) आणि बहुधा ८ वाइल्ड कार्ड (आयोजकांनी थेट प्रवेश दिलेले). तिसऱ्या फेरीआधी दोन मानांकित समोरासमोर येत नाहीत. म्हणजे पहिल्या दोन फेऱ्यांत तुम्हाला दोनच प्रकारचे सामने मिळणार: मानांकित विरुद्ध बिगरमानांकित, आणि दोघेही बिगरमानांकित. पहिल्या प्रकारात लोक मानांकनाच्या आकड्याला भुलतात, दुसऱ्यात ऐकलेल्या नावाला.

सगळे सामने घेऊ नका. रोजचे पाच-सहा निवडा. गूगल शीटमध्ये प्रत्येक सामन्यासाठी एक ओळ आणि हे रकाने: दोन्ही नावे, दोघांचे क्ले रेटिंग (मातीवरच्या खेळाचे गुणांकन, ते कुठून आणायचे ते पुढे), सुरुवातीचा टक्का, फेरफार (कारणासकट), शेवटचा टक्का, निकाल, दंडगुण (हिशोब पुढे). कारणाचा रकाना गाळू नका. आठवडाभराने मागे वळून पाहताना उपयोगी पडतो तो तोच. क्वालिफायरच्या जागा पात्रता फेरी संपल्यावर भरतात. तोवर त्या ओळी रिकाम्याच ठेवा.

सुरुवातीचा टक्का कुठून आणायचा

जागतिक क्रमवारीतून नाही. क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या गुणांची बेरीज असते आणि त्यात हार्ड कोर्टचा (सिमेंटसारख्या कडक कोर्टाचा) वाटा मोठा असतो. जानेवारीत ऑस्ट्रेलियात आणि मार्चमध्ये अमेरिकेत कमावलेल्या गुणांवर एखादा पॅरिसमध्ये २५ वा मानांकित होतो आणि मातीवर त्याने वर्षभरात दोन सामनेही जिंकलेले नसतात.

त्याऐवजी क्लेपुरते ईलो रेटिंग घ्या. ‘टेनिस अ‍ॅब्स्ट्रॅक्ट’ या संकेतस्थळावर ते पृष्ठभागानुसार फुकट मिळते. बुद्धिबळातल्या रेटिंगसारखेच तत्त्व: तगड्याला हरवले तर रेटिंग जास्त वाढते, दुबळ्याला हरवले तर थोडे. दोघांच्या रेटिंगमधला फरक काढा आणि टक्क्यात उतरवा. फरक २५ असेल तर वरचढ खेळाडूला ५४ टक्के, ५० ला ५७, १०० ला ६४, १५० ला ७०, २०० ला ७६ आणि ३०० ला ८५. मधले आकडे अंदाजाने भरा. दशांशाच्या मागे लागू नका, मूळ रेटिंगच तेवढे अचूक नसते.

महिलांच्या सामन्याला हा टक्का तसाच चालतो. पुरुषांचा सामना पाच सेटचा (तीन जिंकायचे), आणि दौऱ्यावरचे बाकीचे जवळपास सगळे सामने तीन सेटचे (दोन जिंकायचे). सामना लांबला की वरचढ खेळाडूला सावरायला वाव मिळतो. प्रत्येक सेट जिंकण्याची शक्यता ६० टक्के धरली तर तीन सेटच्या सामन्यात त्याची विजयाची शक्यता ६५ टक्के येते, पाच सेटच्या सामन्यात ६८. सेटची शक्यता ७० धरली तर ७८ आणि ८४. म्हणून पुरुषांसाठी वरचे टक्के असे वाढवा: ५७ चे ५९, ६४ चे ६७, ७० चे ७४, ७६ चे ८१, ८५ चे ९०. मूळचा टक्का पन्नाशीच्या जवळ असेल तर ही वाढ नगण्य असते, तिथे वेळ घालवू नका.

ज्याचे मातीवरचे सामने फार थोडे आहेत त्याचे क्ले रेटिंग कच्चे असते. वर्षभरात दहाच्या आत सामने असतील तर सर्व कोर्टांचे मिळून असलेले रेटिंगही पाहा आणि दोन्हींची सरासरी घ्या.

पडताळणीसाठी दुसरे एक साधे माप आहे. खेळाडूने क्लेवर स्वतःच्या सर्व्हिसचे किती टक्के गेम राखले आणि समोरच्याच्या सर्व्हिसचे किती टक्के तोडले, या दोन आकड्यांची बेरीज करा. बेरीज १०० च्या वर असेल तर तो मातीवर प्रतिस्पर्ध्यांपेक्षा सरस ठरतोय, खाली असेल तर कमी पडतोय. एकाचे ७८ आणि २७, बेरीज १०५. दुसऱ्याचे ८४ आणि १३, बेरीज ९७. दुसऱ्याची सर्व्हिस टीव्हीवर भारी दिसते, पण त्याला सेट जिंकायला बहुतेक वेळा टायब्रेकपर्यंत (६-६ नंतरच्या निर्णायक गेमपर्यंत) ताणावे लागते, आणि टायब्रेक म्हणजे जवळपास नाणेफेक. मात्र चॅलेंजर पातळीवर (मुख्य दौऱ्याखालच्या स्पर्धांत) कमावलेली १०५ ही मुख्य दौऱ्यावरच्या १०० पेक्षा बरी असेलच असे नाही. समोर कोण होते ते बघूनच ही बेरीज वापरा.

फेरफार: किती आणि कशासाठी

आता खरी कारागिरी. पुढचे आकडे अनुभवाचे आहेत, कुठल्या सूत्रातून आलेले नाहीत. एक लगाम मात्र पाळाच: सगळे फेरफार मिळून ८-१० टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नका. त्याहून जास्त बदलावासा वाटला, तर तुम्ही मनातल्या खेळाडूला जिंकवायला निघालात असे समजा.

मागच्या सहा आठवड्यांतले निकाल पाहताना ते कुठल्या मातीवरचे आहेत ते आधी बघा. माद्रिद आणि रोम या पॅरिसआधीच्या मोठ्या क्ले स्पर्धा. माद्रिद समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवर आहे. तिथे हवा विरळ, चेंडू सुसाट, त्यामुळे मोठी सर्व्हिस असणारे तिथे चमकतात. त्या चमकेचे निम्मेच मोल धरा. रोमची माती पॅरिसच्या जास्त जवळची. महिलांत स्टुटगार्टची स्पर्धा बंदिस्त हॉलमध्ये होते: वारा नाही, ऊन नाही, आणि कोर्ट वेगवान. चार्ल्सटनची माती हिरवी, ठेचलेल्या दगडाची, लाल मातीहून वेगवान. चार्ल्सटनमध्ये उपांत्य फेरी गाठली म्हणून पॅरिसमध्ये पाच टक्के चढवायची गरज नाही, एक-दोन पुरे. याउलट दक्षिण अमेरिकेतल्या फेब्रुवारीच्या क्ले स्पर्धा, ब्युनोस आयर्स, रिओ, सांतियागो, आपल्याकडे कोणी बघत नाही. बिगरमानांकित अर्जेंटिनी आणि चिली खेळाडूंची खरी माहिती तिथेच मिळते.

दुखापत हा सर्वांत मोठा फेरफार. रोमच्या आधी किंवा मध्येच माघार घेतलेल्या खेळाडूचे ३ ते ५ टक्के कमी करा. कोपर किंवा खांदा असेल तर त्याहून थोडे जास्त, कारण मातीवर रॅली लांबतात आणि फटक्यांची संख्या वाढते. पण तो पूर्ण खचलाय असे समजून समोरच्याला ८० टक्के देऊ नका. पहिल्या फेरीत हरणाऱ्यालाही २०२५ मध्ये ७८,००० युरो मिळाले. एवढ्या रकमेसाठी माणूस पट्टी बांधून कोर्टावर उतरतोच. हा प्रकार कमी व्हावा म्हणून ग्रँड स्लॅमचा नियमही आहे: ऐनवेळी, तिथे पोहोचल्यावर माघार घेणाऱ्याला पहिल्या फेरीची निम्मी रक्कम मिळते आणि उरलेली निम्मी त्याच्या जागी येणाऱ्या लकी लूजरला (पात्रता फेरीत हरलेल्या पर्यायी खेळाडूला). त्यामुळे शनिवारी-रविवारी यादी पुन्हा तपासा, नाव बदललेले असू शकते. गुरुवारी टक्का लिहून मोकळे झालेले इथेच फसतात.

आधीच्या आठवड्यात खूप खेळणे दोन्ही बाजूंनी चालते. जिनिव्हात शनिवारी अंतिम सामना खेळलेल्याला आयोजक शक्यतो सोमवारी किंवा मंगळवारी उतरवतात, त्यामुळे थकव्यापोटी १-२ टक्क्यांहून जास्त कापू नका. काही जणांना तीच सवय मानवते: कॅस्पर रूड २०२२ मध्ये जिनिव्हा जिंकून पॅरिसला आला आणि थेट अंतिम फेरीत गेला.

आमनेसामनेच्या इतिहासाला लोक भलताच भाव देतात. ‘हा त्याच्याशी तीनदा जिंकलाय’ म्हणताना ते तिन्ही सामने हार्ड कोर्टवर किंवा चार वर्षांपूर्वीचे असतील तर खोडून टाका. क्लेवर, मागच्या दोन वर्षांत, दोनहून जास्त वेळा गाठ पडली असेल तरच २ टक्के.

वाइल्ड कार्डवाल्यांकडे सवलत म्हणून बघू नका. क्रमांक ३०० च्या पलीकडचा दिसला की लोक समोरच्याला ९५ टक्के देऊन मोकळे होतात. आधी विचारा: क्रमांक एवढा खाली का गेला? २०२५ मध्ये लोइस ब्वासाँ ३६१ व्या क्रमांकावरून वाइल्ड कार्डने आली, पहिल्याच फेरीत २४ व्या मानांकित एलिस मर्टेन्सला हरवले, पुढे जेसिका पेगुला आणि मिरा आंद्रेयेव्हालाही, आणि उपांत्य फेरी गाठली. आदल्या वर्षी, स्पर्धा तोंडावर असताना तिच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता. क्रमांक दुखापतीने पाडला होता, खेळ गेला नव्हता. उपांत्य फेरी कोणीच सांगितली नसती. पण मर्टेन्सला पहिल्या फेरीत ९५ देणे टाळता आले असते.

क्वालिफायर पॅरिसच्याच कोर्टांवर तीन सामने जिंकून आलेला असतो. त्याला चेंडू, भुकटी, वारा सगळे माहीत झालेले असते, आणि मानांकिताचा तो पहिलाच दिवस. क्वालिफायरला सरसकट २ टक्के वाढवा, पण पात्रता फेरीतले दोन-तीन सामने अडीच तासांच्या वर गेले असतील तर ते काढून घ्या.

भारतीय खेळाडू असेल तर आपण मायेपोटी दहा टक्के जास्त देतो, हे मान्य करून टाकू. सुमित नागल मातीवरचाच खेळाडू: २०२४ मध्ये मोंटे कार्लोत मुख्य फेरीत एकेरीचा सामना जिंकणारा तो पहिला भारतीय ठरला. तरी त्याच वर्षी पॅरिसमध्ये पहिल्या फेरीत कारेन खाचानोवकडून सरळ सेटमध्ये हरला. नागलचा टक्का ग्रुपमधल्या सगळ्यात कोरड्या स्वभावाच्या माणसाकडून काढून घ्या.

एक सामना पूर्ण हिशोबासकट

समजा अ हा २७ वा मानांकित, उंचापुरा, सपाट फटक्यांचा. ब हा ८५ व्या क्रमांकाचा, बिगरमानांकित, लहानपणापासून मातीवर वाढलेला. क्ले रेटिंग अ चे १६९०, ब चे १७४०. फरक ५०, ब च्या बाजूने. तीन सेटचे ५७, पाच सेटचे ५९. इथेच पहिला धक्का: मानांकित नसलेला वरचढ निघाला. ग्रुपमध्ये नव्वद टक्के लोक अ लिहून बसलेले असतात.

आता फेरफार. अ ने रोममधून घोट्याच्या दुखण्याने माघार घेतली, नंतर एकही सामना नाही: ब ला अधिक ४. ब जिनिव्हात शुक्रवारपर्यंत खेळला, सामना सोमवारी: उणे १. सोमवारी १६ अंश आणि ढग, अ ची सर्व्हिस बोथट होणार: अधिक २. एकूण ६४. यापुढे थांबा. ब चा फोरहँड आवडतो म्हणून ७० करू नका.

आणि ६४ म्हणजे शंभरातल्या छत्तीस वेळा अ जिंकणार. तो जिंकला म्हणून हिशोब चुकला असे होत नाही.

आता खरा घडलेला सामना. २०२३, पहिली फेरी, फिलिप शात्रिए (स्पर्धेचे मुख्य) कोर्ट: दुसरा मानांकित दानिल मेदवेदेव विरुद्ध ब्राझीलचा थियागो सेबोथ विल्ड, क्रमांक १७२, पात्रता फेरीतून आलेला. मेदवेदेव २०१७ ते २०२० अशी सलग चार वर्षे इथे पहिल्याच फेरीत हरलेला होता. पण २०२१ मध्ये उपांत्यपूर्व फेरी गाठली होती आणि या सामन्याच्या काहीच दिवस आधी रोम जिंकला होता, मातीवरचे त्याचे पहिले विजेतेपद. ताजा फॉर्म बघणाऱ्यांनी त्याला ९७-९८ दिले असणार. निकाल: सेबोथ विल्ड ७-६, ६-७, २-६, ६-३, ६-४. सव्वाचार तास.

इथे सेबोथ विल्डला पसंती द्यायला हवी होती असे कोणी म्हणत असेल तर ते पश्चातबुद्धीचे आहे. पण कागदावर काय काय दिसत होते? प्रतिस्पर्धी मातीचा, २०२० मध्ये सांतियागोला दौऱ्यावरचे विजेतेपद मातीवरच मिळवलेला, तीन सामने जिंकून तापलेला. मेदवेदेवचे फटके सपाट, त्याची उभे राहण्याची जागा बेसलाइनच्या (कोर्टाच्या मागच्या रेषेच्या) खूप मागे, म्हणजे जोरात मारणाऱ्याला वेळ मिळतो. आणि त्या दिवशी वारा जोराचा होता. वाऱ्यात उंच टॉस (सर्व्हिससाठी चेंडू वर फेकणे) आणि मागे उभे राहणे दोन्ही महागात पडते. एवढ्यावरून ९७ चे ८८-९० करणे योग्य ठरले असते. विजेता तरीही मेदवेदेवच लिहिला असता. पुढे दंडगुणांचा हिशोब आहे, त्यात या आठ टक्क्यांची किंमत कळेल.

हाच मेदवेदेव २०२५ मध्येही पहिल्या फेरीत कॅमेरन नॉरीकडून पाच सेटमध्ये हरला. काही खेळाडूंचे एखाद्या कोर्टाशी जमतच नाही. अशांची ग्रुपमध्ये एक यादी करून ठेवा, पण ती तीन-चार नावांपलीकडे वाढू देऊ नका, नाहीतर प्रत्येक जण त्यात बसायला लागतो.

महिलांचे सामने

इथे टक्के मुळातच खाली ठेवा. तीन सेट, ब्रेक जास्त. एक खराब अर्धा तास आणि सेट हातचा जातो, सावरायला उरतो एकच सेट. २०१७ मध्ये अव्वल मानांकित अँजेलिक केर्बर पहिल्याच फेरीत एकातेरिना माकारोव्हाकडून ६-२, ६-२ अशी हरली. २०१८ मध्ये गतविजेती येलेना ओस्तापेन्को पहिल्या फेरीत गेली. इगा श्वियाँतेक तिच्या भरात असतानाचा अपवाद सोडला तर पहिल्या फेरीत कोणालाही ९२ च्या वर देऊ नका. सपाट आणि धाडसी मारणाऱ्या खेळाडूंच्या सामन्यात दोन्ही बाजूंचा टक्का पन्नाशीकडे थोडा ओढा, कारण त्यांचा दिवस कसा उगवेल ते रेटिंगला कळत नाही.

सामन्याच्या दिवशी: दुपारी एक ते सव्वादोन

पॅरिस उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. बाहेरच्या कोर्टांवर खेळ तिथल्या ११ ला, म्हणजे आपल्या २:३० ला सुरू होतो. शात्रिएवर १२ ला, आपल्या ३:३० ला. रात्रीचा सामना ८:१५ ला, आपल्या ११:४५ ला. ग्रुपची शेवटची वेळ २:१५ ठेवा आणि ती पाळा. रात्रीच्या सामन्यासाठी वेगळी वेळ ठेवली की हुशार लोक दिवसभराचे कोर्ट बघून लिहितात. त्यात गैर काही नाही, फक्त नियम सगळ्यांना सारखा हवा.

दिवसाचा कार्यक्रम आदल्या दिवशीच कळतो. त्यात कोर्ट पाहा. शात्रिएवर बेसलाइनच्या मागे भरपूर जागा आहे. मागे सरकून रिटर्न करणाऱ्याला आणि पळून पळून चेंडू परत आणणाऱ्याला ती मानवते. बाहेरच्या लहान कोर्टांवर मागची भिंत जवळ, त्यामुळे मोठी सर्व्हिस असणाऱ्याला १-२ टक्के जास्त. छप्पर फक्त दोन कोर्टांना: शात्रिएला २०२० पासून, सुझान लाँग्लेनला २०२४ पासून. छप्पर बंद असले की वारा नसतो, पण हवा दमट आणि कोर्ट संथ. बाकी कोर्टांवर पाऊस आला की सामना थांबतो, कधी दुसऱ्या दिवशीवर जातो. पावसाची शक्यता मोठी असेल तर बाहेरच्या कोर्टावरच्या टक्क्यांना पन्नासच्या दिशेने दोन टक्के ओढा. मध्ये थांबलेला सामना सुरू होतो तेव्हा लय बहुतेकदा उलटलेली असते.

रात्रीच्या सामन्यात थंडावा वाढतो, चेंडू जड होतो. दिवसा उन्हात जे टॉपस्पिन खांद्यापर्यंत उसळते ते रात्री कमरेला येते. टॉपस्पिनवर जगणाऱ्या खेळाडूला रात्रीचा सामना मिळाला की समोरचा सपाट मारणारा थोडा खुश होतो. सर्व्हिसवर विसंबणाऱ्याला मात्र रात्र तोट्याचीच.

परदेशी वर्तमानपत्रांत छापून येणारे सट्ट्याचे दर आरसा म्हणून वापरता येतात, खाते उघडायला नाही. १.४० आणि ३.०० असे दर असतील तर १०० ला त्यांनी भागा: ७१.४ आणि ३३.३, बेरीज १०४.७. वरचे पावणेपाच टक्के बुकीचा नफा. दोन्ही आकडे बेरजेने भागले की ६८ आणि ३२ उरतात. तुमचा टक्का यापासून दहाहून जास्त दूर असेल तर बहुतेक वेळा एखादी बातमी तुमच्या नजरेतून सुटलेली असते. आधी ती शोधा.

गुण कसे द्यायचे

‘बरोबर म्हणजे १, चूक म्हणजे ०’ ही पद्धत सोडा. त्यात सगळे जण मानांकितच लिहितात आणि खेळ मरतो. त्याऐवजी दंडगुण: शंभरातून, जिंकलेल्या खेळाडूला दिलेला टक्का वजा करा, त्याचा वर्ग करा, शंभराने भागा. जिंकलेल्याला ७० दिले होते तर दंड ९. तुमचा ७० वाला हरला, म्हणजे जिंकलेल्याला तुम्ही ३० दिले होते, तर दंड ४९. ९० वाला जिंकला तर दंड १, हरला तर ८१. सगळीकडे ५०-५० लिहिणाऱ्याचा प्रत्येक सामन्याला २५ दंड; त्याच्या वर सरासरी गेली तर डोके न लावता खेळणारा तुमच्यापेक्षा बरा. ज्याचा दंड सगळ्यात कमी तो पहिला.

मेदवेदेवच्या सामन्यात ९७ लिहिणाऱ्याला ९४ दंड पडला असता, ८९ लिहिणाऱ्याला ७९. उलट मेदवेदेव जिंकला असता तर पहिल्याला ०.०९ आणि दुसऱ्याला १.२१. जरा जपून लिहिल्याचा तोटा एक गुण, वाचले पंधरा.

जोशात फुगवलेल्या टक्क्यांचेही तेच. चारात तीनदा जिंकणाऱ्या खेळाडूंना तुम्ही प्रत्येक वेळी ९० देत राहिलात तर सरासरी दंड २१ येतो. ७५ दिले असते तर पावणेएकोणीस. आणि ‘माझे पाचही येतील’ म्हणणाऱ्याला सांगा, राजेहो, ७५-७५ टक्क्यांचे पाच सामने सगळेच्या सगळे बरोबर येण्याची शक्यता २४ टक्क्यांच्याही आत आहे.

भांडणे दोन मुद्द्यांवरून होतात, म्हणून आधीच लिहून ठेवा. खेळाडू मध्येच जायबंदी होऊन सोडून गेला तर: पहिला सेट पूर्ण झाला असेल तर निकाल धरायचा, नसेल तर ओळ रद्द. प्रतिस्पर्धी बदलून लकी लूजर आला तर: जुना टक्का रद्द, वेळ उरली असेल तर नवा लिहायचा.

दुसऱ्या फेरीसाठी काय बदलायचे

नवा टक्का पुन्हा रेटिंगपासूनच काढा. पहिल्या फेरीत ६-१, ६-२, ६-१ असा धुव्वा उडवला म्हणून वाढवू नका. एका सामन्याने रेटिंग जेवढे हलायचे तेवढे हलते, पण डोळ्यांना ते दसपट वाटते. पाहायचे ते कोर्टावरचे तास. पुरुषांत चार तासांच्या वरचा सामना आणि मध्ये एकच दिवस विश्रांती असेल तर ३ टक्के कापा. वय तिशीच्या पुढे असेल तर ४-५. २०२२ पासून शेवटचा सेट ६-६ झाला की १० गुणांचा टायब्रेक होतो, त्यामुळे पूर्वीसारखे सहा-सहा तासांचे सामने कमी झाले, पण लांब रॅलींनी पायाची वाट लागते ती लागतेच.

पहिल्या फेरीत कोर्टावर फिजिओ आला होता का, कुठे हात लावला, दुसऱ्या दिवशी सराव केला का, एवढे तपासा. २०२५ मध्ये रूड दुसऱ्या फेरीत नुनो बोर्जेसविरुद्ध पहिला सेट ६-२ जिंकून पुढचे तीन ४-६, १-६, ०-६ हरला. त्याचा गुडघा वसंतातल्या क्ले स्पर्धांपासूनच दुखत होता. दोनदा अंतिम फेरी गाठलेल्याचे नाव मोठे होते, म्हणून त्या दुखण्याच्या बातमीकडे बहुतेकांनी काणाडोळा केला. अशी बातमी हाती आली तर दुखापतीचा फेरफार दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा मोठा ठेवा, ५ ते ७ टक्के, कारण एक सामना खेळून दुखणे वाढलेले असते आणि विश्रांतीला मिळालेला असतो एखादाच दिवस.